अल्पाका फार्मवर तंबूत एक रात्र: आधी आठवडा ठरवा, मग तंबू घ्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लेस्टरला राहता, मुलं 6 आणि 9 वर्षांची. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत साताऱ्याहून सासू-सासरे येतायत, घरात एक लॅब्रॅडॉर आहे. सगळ्यांनी मिळून एखाद्या अल्पाका (लोकरीसाठी पाळतात ते लांब मानेचं जनावर) फार्मवर तंबू ठोकून एक रात्र काढायची असं मनात आहे. मजा येईल का, सुरक्षित आहे का आणि काय काय न्यायचं, हे तुम्ही विचारलंय. शेवटी सासूबाईंची शंकाही आहे, की या जनावरांचं दूध काढतात का. दुधाचं शेवटी सांगते.

मी कुठून बोलते ते आधी सांगायला हवं. माहेर फलटण तालुक्यातलं. गेली 11 वर्षं नवरा आणि मी हेरफर्डशायरमध्ये, वेल्सच्या हद्दीजवळ, अल्पाका पाळतो. सध्या 26 जनावरं आहेत: 9 व्यायच्या माद्या, 2 नर, बाकी खच्ची केलेले नर आणि लहान पिल्लं. उन्हाळ्यात खालच्या पट्टीत 5 तंबूंना जागा देतो. कायद्याने यापेक्षा बरेच जास्त चालतात. इंग्लंडमध्ये 2023 पासून वर्षातले 60 दिवस आणि 50 जागांपर्यंतचा तात्पुरता तळ वेगळ्या नियोजन-परवानगीशिवाय उभारता येतो, कौन्सिलला कळवलं की झालं. पण आमच्याकडे नळ एकच आहे आणि रात्री दोनला उठणारी बाई पण एकच.

आता मुद्द्याचं. काय न्यायचं हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. चुलीपासून चटईपर्यंतच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतील. तुम्ही जिथे राहायला जाणार ते कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे, आणि तिथलं घड्याळ तुमच्या सुट्टीवर चालत नाही, जनावरांवर चालतं. हे आधी लक्षात घेतलं की रात्र छान जाते. नाहीतर पाळीव प्राण्यांच्या बागेत आलोय असं समजून लोक येतात आणि दोन्ही बाजू वैतागून सकाळी एकमेकांचा निरोप घेतात.

लहानपणी सुगी झाली की आमच्या मोकळ्या रानात धनगरांची मेंढरं बसायची. कळप दोन-तीन रात्री रानात बसवायचा, लेंडी-मुताचं खत रानाला आणि त्याबद्दल धनगराला धान्य, असा व्यवहार. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळ्याचं कुंपण, लावलेली असायची, आत मेंढरं, बाहेर कुत्री, बाजूला तीन दगडांची चूल. आम्ही पोरं त्या चुलीपाशी जाऊन बसायचो, भाकरीसुद्धा खायचो. पण वाघरीच्या आत पाय टाकायची कुणाची टाप नव्हती. रान आमचं असून आमच्या दादांनाही नाही. तुमचा मुक्काम साधारण तसाच होणार, फक्त उलटा. तिथे जनावरं माणसांच्या रानात वस्तीला यायची, इथे तुम्ही जनावरांच्या रानात जाणार. चुलीपाशी बसायचं, वाघर ओलांडायची नाही.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. फार्म कोणत्या प्रकारचं, सासू-सासऱ्यांचे गुडघे कसे, पाऊस किती. पण सगळ्यात जास्त फरक पडतो तो आठवड्याने.

इथल्या अल्पाकांचं वर्ष साधारण असं असतं. मेच्या अखेरीपासून जुलैपर्यंत केव्हातरी कातरणी. व्यायचा हंगाम बहुतेक फार्मांवर मे ते ऑगस्ट. व्यायल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मादीला पुन्हा नर दाखवायचा, कारण गाभणकाळच जवळजवळ साडेअकरा महिन्यांचा आहे. उशीर झाला की पुढचं सगळं वर्ष सरकतं. म्हणजे तुम्ही म्हणता तो जून हा आमच्या घाईचा महिना.

कातरणीच्या दिवशी येऊ नका. कातरणारी टोळी गावोगाव फिरत असते, ते देतील ती तारीख आपली. आदल्या दिवशी पावसाचं चिन्ह दिसलं की सगळा कळप शेडमध्ये घालावा लागतो, कारण ओली लोकर कातरता येत नाही आणि ओलीच भरून ठेवली तर कुजते. त्या रात्री शेडमधून गुरगुर, थुंकाथुंकी, सगळं चालू असतं. मेंढी कातरताना तिला बुडावर बसवून दोन पायांत धरतात. अल्पाकाचे मात्र पुढचे आणि मागचे पाय दोऱ्यांनी बांधून त्याला चटईवर ताणून आडवं करतात. बघायला भयंकर वाटतं, पण मोकळं ठेवलं तर तडफडण्यात कात्री कातड्याला लागते. त्याच वेळी नखं कापून होतात, वाढलेले खालचे दात घासून होतात आणि दहाएक मिनिटांत गडी सुटतो. पण त्या दहा मिनिटांत काही जनावरं अशी किंचाळतात की मलाच अजून सवय झालेली नाही. तिसऱ्या वर्षी मी एका कुटुंबाला, 'या, बघायला मिळेल,' असं उत्साहाने बोलावलं. त्यांची धाकटी सगळी दुपार कानावर हात ठेवून गाडीत बसली होती. पैसे परत दिले, आणि तेव्हापासून कातरणीच्या आठवड्यात तळ बंद.

व्यायचे दिवस वेगळे. इथे एक सोय आहे. अल्पाका मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले, जिथे उंचावर रात्री पाणी गोठतं. त्यामुळे माद्या बहुतेक सकाळी उशिरा ते दुपारच्या सुमारास वितात, म्हणजे पिल्लू अंधार पडायच्या आत वाळून, उठून, दूध पिऊन घेतं. (पिल्लाला इथे सगळे 'क्रिया' म्हणतात. पहिल्या वर्षी मला दर वेळी मराठी व्याकरणाचा तास आठवायचा.) तेव्हा रात्री कंदील घेऊन बाळंतपण बघायला मिळेल या आशेवर राहू नका. उलट सकाळी दहाला तंबू गुंडाळून पळायची घाई केली नाहीत तर कुंपणाबाहेरून दिसण्याची शक्यता जास्त. दिसलं तर लांबून बघायचं. 6 ते 8 किलोचं ओलं पिल्लू धडपडत उभं राहात असताना आईच्या आणि त्याच्यामध्ये फोन घेऊन शिरणाऱ्या पाहुण्याला मी दोनदा बाहेर काढलंय.

तुमच्या जागी मी असते तर ऑगस्टचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरला असता. कातरणी उरकलेली असते, बरीच पिल्लं महिना-दीड महिन्याची झालेली असतात, जमीन त्यातल्या त्यात कोरडी असते. आणि तेव्हा संध्याकाळी जे दिसतं ते जूनमध्ये तितकं दिसत नाही. सूर्य कलला की पिल्लं चारी पाय एकदम उचलून, पायांना स्प्रिंग लावल्यासारखी, रानभर उधळतात. एकाने सुरू केलं की सगळी. कधीकधी एरवी पोक्तपणे चरणाऱ्या माद्याही दोन फेऱ्या मारून घेतात. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ, मग एकदम शांत. मुलांसाठी, आणि आजी-आजोबांसाठीही, हे कुठल्याही 'अल्पाकाला मिठी मारा' तिकिटापेक्षा मोलाचं आहे.

ऑगस्टची एक अडचण सांगून ठेवते. नर दाखवायचं कामही तेव्हा चालू असतं. जोडी जमिनीवर बसून असते, वीस मिनिटं ते कधी पाऊण तास, आणि नर सगळा वेळ घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज काढत असतो. मुलं विचारणारच. उत्तर कुणी द्यायचं ते आधी ठरवून या, म्हणजे सासऱ्यांवर वर्तमानपत्र शोधायची वेळ येणार नाही.

आता फाटकाची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय मी कुणालाच जागा देत नाही. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या सुट्टीत एक कुटुंब राहिलं होतं, माणसं चांगली. रात्री कुणीतरी संडासला जाताना जवळचा रस्ता म्हणून नरांच्या वाड्यातून गेलं आणि येताना फाटकाची कडी नुसती टेकवली. पहाटे बघते तर आमचा तांबडा नर माद्यांमध्ये. अल्पाकाला गाई-म्हशींसारखा ठरावीक दिवसांनी माज येत नाही. नराचा संग झाला की त्यानंतर बीज सुटतं, म्हणजे मादी जवळजवळ केव्हाही फळू शकते. दोन आठवड्यांनी सगळ्या माद्यांसमोर नर नेऊन बघितला. गाभण मादी नराला जवळ येऊ देत नाही, थुंकून हाकलते. आमची ही साधी पण बऱ्यापैकी भरवशाची चाचणी. हंगामात न फळलेल्या दोघीही त्याच्यावर थुंकल्या.

हिशेब करा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून साडेअकरा महिने म्हणजे पुढच्या ऑक्टोबरचा मध्य. त्या वेळी जन्मलेल्या पिल्लाच्या वाट्याला पहिले पाच महिने इंग्लंडचा हिवाळा येतो. हे जनावर अँडीजच्या कडक उन्हाचं. इथल्या हिवाळ्यातल्या सूर्यावर त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात. दोन्ही पिल्लांना सगळा हिवाळा ठरावीक अंतराने ड जीवनसत्त्व द्यावं लागलं, रात्री शेडमध्ये, अंगावर जॅकेट. वाचली दोन्ही, एक अजून आमच्याकडेच आहे. पण एका न लावलेल्या कडीची किंमत मी जवळजवळ दीड वर्ष फेडत होते. म्हणून इथला सगळ्या शेतांचा नियम मुलांकडून पाठ करून घ्या: फाटक जसं दिसलं तसं ठेवायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. उघडं फाटक कुणी विसरलेलं नसतं बहुधा, पलीकडे पाणी असतं.

फार्म निवडताना फोन करा, नुसतं ऑनलाइन बुकिंग करू नका. आणि फोनवर मालक किती वेळा 'नाही' म्हणतो ते मोजा. नाही, रात्री कळपात जाता येणार नाही. नाही, कुत्रा चालणार नाही. नाही, त्या शनिवारी जागा देत नाही, कातरणी आहे. असा माणूस मिळाला तर ताबडतोब पैसे भरा. 'या हो, काहीही करा, पिल्लाला बाटलीने दूध पाजा, मांडीवर घ्या,' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. यामागे कारण आहे. नर पिल्लू माणसांच्या अंगाखांद्यावर वाढलं की माणसाला आपल्यातलाच एक अल्पाका समजायला लागतं. लहानपणी गोड वाटतं. वयात आल्यावर तोच नर माणसाला प्रतिस्पर्धी समजून छातीने ढकलतो, चावतो, पाडतो. वेळीच खच्ची करूनही काही सुधारत नाहीत आणि शेवटी मारावे लागतात. जे फार्म पिल्लाला खेळणं करून तिकीट लावतं ते एक तर नवखं असतं किंवा पुढे त्या पिल्लाचं काय होणार याची त्याला पर्वा नसते.

आणखी दोन गोष्टी विचारा. तंबूची जागा जनावरांच्या कुंपणापासून वेगळी आहे का? आमच्याकडे दोन कुंपणांमध्ये ट्रॅक्टर जाईल एवढी पट्टी मोकळी असते, नाहीतर तंबूच्या दोऱ्या रात्री चघळल्या जातात. आणि वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुवायची सोय आहे का? 'सॅनिटायझरची बाटली ठेवलीय,' असं उत्तर आलं तर दुसरं फार्म शोधा.

हाताचं जरा विस्ताराने सांगते, कारण आपण हाताने जेवणारी माणसं. 2009 साली सरे परगण्यातल्या एका फार्मला भेट दिल्यानंतर ई-कोलाय ओ157 या जंतूमुळे 93 जण आजारी पडले. त्यातली बहुतेक दहा वर्षांखालची मुलं होती आणि काहींची मूत्रपिंडं निकामी व्हायच्या बेताला आली. जनावर दिसायला ठणठणीत असतं, जंतू शेणात असतो, शेण कुंपणाच्या तारेवर, बुटावर, गवतावर. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम म्हणून एक परजीवी आहे, तो अल्कोहोलच्या जेलने मरत नाही. म्हणून साबण, वाहतं पाणी, आणि मोठ्या माणसाने समोर उभं राहून. बूट तंबूच्या बाहेर, बुटाला हात लावला की पुन्हा हात धुवायचे. धाकट्याच्या अंगठा चोखण्यावर लक्ष ठेवा. एवढं पाळलं तर घाबरण्यासारखं काही नाही. माझी स्वतःची मुलं याच चिखलात वाढली.

इथवरचं थोडक्यात: जून टाळा, ऑगस्ट धरा. 'नाही' म्हणणारा मालक शोधा. फाटक आणि हात, या दोन बाबतींत कडक राहा. लॅब्रॅडॉरला घरी किंवा मित्रांकडे ठेवा. तो कितीही गुणी असला तरी अल्पाकाच्या लेखी कुत्रा म्हणजे शिकारी. एकाने बघितलं की धोक्याची हाक देतो आणि सगळा कळप रात्रभर उभा. शिवाय कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या निओस्पोरा नावाच्या परजीवीमुळे गाभण जनावरं गाभडतात, ती विष्ठा रानातून उचलून नेली तरी थोडी मागे राहतेच. यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटले, जागा मी कुणालाच दिली नाही.

आता सासूबाई. त्या पहिल्या सकाळी पोळी हातात घेऊन कुंपणापाशी उभ्या राहणार, हे मी आत्ताच लिहून देते. माझी आई आली होती तेव्हा हेच झालं. गाईला घास काढून ठेवल्याशिवाय ती जेवत नसे, इथे गाय नाही तर हे 'लांब मानेचं' चालेल म्हणाली. त्यांना प्रेमाने पण आधीच सांगा, कारण इथे तो कायद्याचा प्रश्न आहे. 2001 साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकताची साथ आली. नॉर्थम्बरलंडमधल्या एका डुक्करपालनात न उकळलेलं खरकटं खाऊ घातल्यापासून ती सुरू झाली असं तपासात निघालं. साथ आटोक्यात येईपर्यंत 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. तेव्हापासून घरच्या स्वयंपाकघरातून आलेलं अन्न शेतीच्या जनावरांना घालायला बंदी आहे. अल्पाकाही त्यात आले. कायदा बाजूला ठेवला तरी त्यांचं पोट तीन कप्प्यांचं, गवत आंबवून पचवणारं. पोळी-भात एकदम गेला की आत आम्ल वाढतं आणि जनावर आडवं होतं. मुलांनाही सांगा, कुंपणाबाहेरचा हिरवा पाला तोडून आत द्यायचा नाही. ऱ्होडोडेंड्रॉन आणि यू या इथल्या बागांतल्या नेहमीच्या झाडांची मूठभर पानंही जीव घेऊ शकतात. खायला घालायचंच असेल तर मालक देईल तेवढ्याच गोळ्या, तळहात सपाट ठेवून. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे हाताला नुसती ओठांची गुदगुली होते. आईने त्यावर समाधान मानलं. 'घास पोचला,' म्हणाली.

थुंकीबद्दल सगळे विचारतात. ती बहुतेक वेळा एकमेकांसाठी असते, चाऱ्यावरून. तुम्ही मध्ये उभे असाल तर वाटा मिळतो. हिरवट, आंबलेली, वास दोन धुण्यांनी जातो. कान मागे पाडून हनुवटी वर उचलली की बाजूला व्हायचं. थुंकल्यावर त्याच्या स्वतःच्याच तोंडाला कडवट चव येते, खालचा ओठ लोंबवून बराच वेळ दुःखी चेहऱ्याने उभा राहतो. नऊ वर्षांच्या मुलांना हे जगातलं सगळ्यात विनोदी दृश्य वाटतं. डोक्याला हात लावायचा नाही, हात लावू दिला तर मानेच्या मुळाशी किंवा खांद्याशी.

रात्रीची तयारी. ऑगस्टमध्येही आमच्याकडे पहाटे पारा कधीकधी 7-8 अंशांवर येतो आणि दव इतकं पडतं की तंबू धुतल्यासारखा दिसतो. थंडी वरून वाजते त्यापेक्षा खालून जास्त वाजते. हवा भरायच्या गादीतली हवाच गार होते, म्हणून तिच्यावर घोंगडी किंवा जाड सतरंजी घाला. सासऱ्यांकडे साताऱ्याची घोंगडी असेल तर तीच आणायला सांगा, इथल्या चार ब्लँकेटांना भारी आहे. खरं सांगायचं तर साठी उलटलेल्यांना मी जमिनीवर झोपायला सांगतच नाही. बऱ्याच फार्मांवर चाकांवरची लाकडी झोपडी भाड्याने मिळते, आत पलंग आणि छोटी शेगडी. आजी-आजोबा तिथे, तुम्ही बाजूला तंबूत. पहाटे तीनला जमिनीवरून उठून ओल्या गवतातून संडासला जाणं चाळिशीत गमतीचं असतं, सत्तरीत नाही.

तंबू उताराच्या तळाशी लावू नका, सगळा गारवा आणि पाणी तिथेच येतं. वारा कुठून वाहतो ते बघा. अल्पाका कुठेही घाण करत नाहीत, सगळा कळप ठरलेल्या ढिगांवरच लेंड्या टाकतो. आमचं साफसफाईचं काम त्यामुळे निम्मं झालंय, पण ढिगाकडून वारा येत असेल तर तुमचं नाक सांगेल. (अँडीजमध्ये या लेंड्या वाळवून गोवऱ्यांसारख्या जाळतात. सासूबाईंना हे सांगाच, त्यांचं मत एकदम चांगलं होईल.)

आणि हे ठळक वाचा: पेटती शेगडी, कोळसा किंवा वापरून झालेला बार्बेक्यू ऊब म्हणून तंबूच्या आत घ्यायचा नाही. विझल्यासारखा दिसणारा कोळसाही कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. पाऊस आला तर थालीपीठ गार खा, चहा गाडीतल्या थर्मासमधून प्या. स्वयंपाक उघड्यावर, गॅसच्या छोट्या शेगडीवर. वाळल्या गवतावर थेट काही ठेवायचं नाही.

आवाजांची कल्पना असू द्या. दिवेलागणीला माद्या आणि पिल्लं बारीक 'हूंऽऽ, हूंऽऽ' करतात, कुणीतरी तोंड मिटून जुनं गाणं गुणगुणतंय असं वाटतं. मग कळप पाय दुमडून बसतो आणि रवंथ सुरू. मध्यरात्री कधीतरी कोल्हा कुंपणाजवळून गेला तर धोक्याची हाक उठते, खिंकाळणं आणि भोंगा यांच्या मधलं काहीतरी, अंगावर काटा आणणारं. मुलं दचकतील. त्यांना आधीच सांगून ठेवा की तो पहारेकरी आहे. इथे कित्येक जण कोंबड्या आणि कोकरं राखायला खच्ची केलेले अल्पाका मुद्दाम ठेवतात. हाक आली तरी तुम्ही बाहेर पडायचं नाही. मी उठलेलीच असते. विजेरी लागलीच तर लाल उजेडाची, झोत जमिनीवर.

सकाळी मुलांच्या पायांवर, गुडघ्यांच्या मागे, काखेत गोचीड चिकटलीय का बघा. उंच गवतात ती असते आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होतो. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारी लाल चकती दिसली तर डॉक्टरांकडे जायचं.

तुमचे सासरे सूतगिरणीतून निवृत्त झालेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तर मालकाला आदल्या दिवशीच सांगा, की यांना लोकर बघायची आहे. बहुतेक अल्पाकावाले दुसऱ्या माणसाला लोकर दाखवायला आसुसलेले असतात, कुणी विचारत नाही हो. पाठीवरची लोकर वेगळी, मान-पायांची वेगळी काढतात. बारीकपणा मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजतात आणि जनावर म्हाताऱ्यावर गेलं की धागा जाडा होतो. मेंढीच्या लोकरीत असतं तसं चिकट, मेणासारखं लॅनोलिन जवळजवळ नसतं. हुआकाया जातीची लोकर फुगीर, कुरळी. सुरी जातीची लांब, रेशमी, जटांसारखी लोंबणारी. आणि गाडीने जमत असेल तर परतीच्या आधी एक दिवस यॉर्कशायरमधल्या सॉल्टेअरला जा. टायटस सॉल्टने 1836 मध्ये लिव्हरपूलच्या गोदामात पडून राहिलेल्या, कुणाला नको असलेल्या अल्पाका लोकरीच्या गासड्या घेतल्या, तिचं कापड विणण्याची युक्ती शोधली आणि त्या पैशावर गिरणी आणि कामगारांचं आख्खं गाव उभं केलं. गिरणी 1853 मध्ये सुरू झाली, गाव 2001 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तंबूपेक्षा सासऱ्यांना तोच दिवस जास्त लक्षात राहिला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

राहिलं दूध. काढत नाहीत. सड चार असतात, पण आखूड, आणि कास एवढीशी. पिल्लू दिवसभर थोडं थोडं पीत राहतं, एका वेळी हाताला काही लागत नाही. मी आजारी पिल्लासाठी अर्धा कप काढायला बसले तरी दोन माणसं धरायला लागतात आणि एक थुंकी खायला. तेव्हा चहाचं दूध बरोबर आणा. आमच्या गावातलं दुकान रविवारी उघडत नाही.